चारही टेबलांवर युनूसभाई

युनूसभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा घेत होतो, आणि मनात पहिला विचार काय आला ते सांगायला लाज वाटते… आता यांच्याकडून कबुली मिळायची राहिली! त्यांनी मला फसवल्याची कबुली. माणूस गेला आणि मी अजून डावातच होतो. महिना उलटला तरी जीव थाऱ्यावर नाही. घरात बसवत नाही, बाहेर पडलो तर कुठे जायचं सुचत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

खामगावच्या बाजारात आम्ही वीस-पंचवीस वर्षं समोरासमोर उभे राहिलो. सरकी काढणाऱ्या दोन वेगवेगळ्या जिनिंग कारखान्यांचे ग्रेडर, म्हणजे कापूस पारखून मालकासाठी लिलावात बोली लावणारे. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मधला कापूस ओढून काढायचा, चिमटीत धरून धागा ताणायचा. वीस गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीपाशी हाच गृहस्थ समोर! एका गाडीवर त्यांनी मला हरवलं की पुढच्या गाडीवर माझं डोकं आधीच तापलेलं असे, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असे. माल खरोखर आवडला की म्हणायचे, "मले नाई पाह्यजे बाप्पा हा माल," आणि रांजणाकडे पाणी प्यायला निघायचे. आम्ही ढिले पडलो की परत येऊन बोली चढवायचे. हे सोंग मी इतक्यांदा पाहिलं की त्यांचं 'नाही' म्हणजे 'हो', हे माझ्या डोक्यात कायमचं बसलं. लिलाव आटोपला की चहा मात्र आम्ही एकत्रच प्यायचो.

पुढे बीटी बियाणं आलं, शिवारभर एकाच तऱ्हेचा कापूस दिसू लागला आणि आमच्या बोटांना कोणी विचारेना. तरी माझं नाक कापलं गेलं ते बोंडअळीच्या साली. बीबी गावाकडून आलेली एक गाडी, वर पांढराशुभ्र कापूस. युनूसभाई चढले, मी चढलो, ते आणखी चढले… इर्षेच्या भरात मी हात खोल घातलाच नाही. मग ते पाणी प्यायला गेले आणि परत आले नाहीत. गाडी माझ्या गळ्यात पडली. रिकामी केली तर खाली सगळी कवडी, अळीनं खाल्लेला पिवळा, चिकटलेला कापूस. मालकानं मला बाजारातून उचलून वजनकाट्यावर बसवलं. आत काय आहे हे युनूसभाईंना माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही, विसरलोही नाही.

दोघंही घरी बसल्यावर पोकरचा नाद मला त्यांनीच लावला. त्यांचा मुलगा इरफान ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. तिथल्या एका कॉम्प्युटरवर ते दुपारी खेळत. डावावर लावायच्या त्या फुकटच्या खोट्या चिप्स, पैशाचा संबंध नाही. मी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर घरी खेळू लागलो. खेळातलं नाव एकमेकांना सांगायचं नाही, असं ठरलं. "लिलावात कोनी आपला आकडा सांगते का बे?" ते म्हणाले होते. एका वेळी चार टेबलं उघडून खेळता येतं. गेल्या संक्रांतीच्या सुमारास चारही टेबलांवर मला एकच नाव भेटू लागलं, 'सफेद सोना'. कापसालाच तर आपल्याकडे पांढरं सोनं म्हणतात! पहिल्या टेबलावर हा मला घाबरवून पत्ते टाकून डाव सोडायला लावायचा आणि मग आपले फुसके पत्ते मुद्दाम उघडून दाखवायचा. ती जळजळ घेऊन मी तिसऱ्या टेबलावर चिडून चढायचो, तर तिथे त्याच्याकडे खरोखरच भारी पत्ते. मग चौथ्यावर मी हातातले चांगले पत्तेही टाकून द्यायचो. एका टेबलाचा राग दुसऱ्यावर, दुसऱ्याची भीती तिसऱ्यावर. जेवताना, अंघोळ करताना तेच. आणि भारी पत्ते असले की तो दिलेला सगळा वेळ संपवून अगदी शेवटच्या सेकंदाला चढायचा, रांजणाकडे जाऊन आल्यासारखा. माझी खात्री पटली. संध्याकाळी चहाला भेटायचो तेव्हा युनूसभाई सारखे डोळे चोळायचे, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

होळीच्या आधी मी दुकानात जाऊन थडकलो. "युनूसभाई, बस झालं आता. चारही टेबलांवर तुमीच ना?"

"कोनते टेबल? मी तं आजकाल खेळतच नाई बे. डोयात मोतीबिंदू हाय, पत्ते दिसत नाई."

ऐकलंत? मले नाई पाह्यजे बाप्पा हा माल! माझा तोल गेला. "त्या बीबीच्या गाडीवरबी मले असंच चढवलं अन् पाणी प्याले पळाले."

त्यांनी डोळे चोळले. "त्या गाडीत मी हातच नव्हता घातला, सुधाकर. तू चढून राह्यला होता म्हून मीबी चढलो. तुह्या हातावर भरोसा होता माहा. मालकाचा आकडा संपला, मंग थांबलो."

काय नाटकी माणूस आहे, असं मनात म्हणत मी निघून आलो. चहाला जाणं सोडलं. त्यांचे दोन फोन आले, उचलले नाहीत. आणि मग तो सकाळचा फोन… मयतीला गेलो, मूठभर माती दिली, तरी आतला पीळ सुटला नव्हता.

गेल्या आठवड्यात फार दिवसांनी लॅपटॉप उघडला. चारही टेबलांवर 'सफेद सोना' बसलेला. पहिल्याच डावात शेवटच्या सेकंदाला चढला.

लॅपटॉप तसाच टाकून इरफानच्या दुकानात गेलो. विचारलं, अब्बा शेवटी कधी खेळले? "अब्बानं तं दिवाळीपासून गेम उघडलाच नाई, काका," तो म्हणाला. मग दुपारभर इथे बसून करत काय होते? त्यानं बाजूच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिच्यावर त्यांची कापडी पिशवी होती. "होळीपासून हे ठेवून बसत. कोनाले बसू देत नव्हते. गिऱ्हाईक उभे राह्यत, मी चिडत होतो. म्हणत, राहू दे, सुधाकर येईन."

तेव्हापासून रोज दुपारी जातो. इरफान पिशवी उचलतो, खुर्ची पुसतो, "बसा ना काका," म्हणतो. अजून एकदाही बसलेलो नाही.