कानातला माग

आप्पांशी बोलायचं म्हणजे आधी हनुवटी द्यायला लागायची. तुम्ही तोंड उघडलं की ते दोन बोटांनी तुमची हनुवटी धरायचे, सायकलचं हँडल वळवावं तसं तुमचं तोंड आपल्याकडं वळवायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोल. तोंड इकडं करून."

नवा माणूस बिचकायचा. बेळगावच्या वडगावात कोण बिचकायचं न्हाय, कारण तिथं निम्म्या गल्लीला हीच सवय हाय. यंत्रमागाच्या शेडमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस कानानं ऐकत न्हाय, डोळ्यानं ऐकतो. माग सुरू असले की ते लोक ओठांवर बोलतात, ओठांवर हसतात, भांडतात बी ओठांवरच. मी एकदा शेडमध्ये दोघांचं भांडण बघितलं. आवाज सगळा मागांचा, आणि ह्यांची तोंडं अशी चाललेली, जणू टीव्हीचा आवाज बंद करून कुणीतरी सिरियल लावलीय. शिव्या मात्र मला सगळ्या समजल्या. शिव्या वाचायला शिकायला लागत न्हाय.

पण त्या गल्लीत कुणाला बहिरा म्हणायचं न्हाय. मी नवा असताना म्हणालतो, आणि आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. बहिरा म्हणजे देवानं केलेला. ह्यांचं तसं न्हाय. ह्यांच्या 'कानात माग ऱ्हायलाय'. शेड बंद करून घरी आलं, जेवलं, झोपलं, तरी कानात खट्याक-खट्याक चालूच.

"ऐकू येतंय की रं सगळं," आप्पा म्हणायचे. "पण आधी माग ऐकू येतो. मग तू."

मी मूळचा निपाणीचा. वडगावातल्या जिमची चावी माझ्याकडं असते. शिकलेला म्हणाल तर बेताचा, पण आवाज काढता येतात. शाळेत असताना हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी सातवी अर्धा तास आधी सोडलती. आप्पा मला पोपट्या म्हणायचे. सकाळी साडेसहाला यायचे. वय साठीच्या पुढं, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि छाती अशी की शर्टाची तिसरी गुंडी कायम परीक्षेला बसल्यासारखी. मारायचे फक्त बेंच, म्हणजे उताणं पडून छातीवरनं रॉड ढकलायचा. मी म्हणायचो, आप्पा, पाय बी मारा की. ते म्हणायचे, पायांनी चाळीस वर्षं मागासमोर ड्युटी केलीय, आता त्यास्नी रिटायर करू दे.

आणि त्यांना रेकॉर्ड पाठ. आमच्याकडं हेळवी येतो बघा, बैलावर बसून, आणि तुमच्या खापरपणज्यापासून घराण्याची नावं घडाघडा म्हणतो. आप्पा तसे बेंच प्रेसचे हेळवी. दोन सेटच्या मधी घाम पुसत सुरू व्हायचे. आधी बेंचच नव्हतं. गडी जमिनीवर उताणा पडायचा, रॉड पोटावरनं लोळवत छातीवर आणायचा आणि ढकलायचा. मग फळी आली. मग फळीला स्टँड आला. मग लोक रॉड छातीवर आपटून चेंडूगत उडवायला लागले, म्हणून थांबायचा नियम आला: रॉड छातीवर टेकवायचा, जरा बी हलायचं न्हाय, आणि पंच 'प्रेस' म्हणाला की मगच वर. कुठल्या वजनाच्या गटात कुणी कुणाला किती किलोनं मागं टाकलं, ते सगळं तोंडावर. मी मागं उभा ऱ्हाऊन त्यांच्याच आवाजात पुढचं वाक्य म्हणायचो. त्यांना ऐकू जायचं न्हाय. पोरं हसायची.

शर्टाच्या गोष्टीवर मात्र आप्पा चिडायचे. बेंच मारायला एक खास शर्ट असतो, इतका घट्ट की घालायला दोन माणसं लागतात. रॉड खाली आला की तो ताणला जातो आणि वर जाताना स्प्रिंगसारखा ढकलतो. शर्ट आला आणि आकडे फुगले. हजार पौंडाच्या वर गेले. पुस्तकात शर्टाचे रेकॉर्ड वेगळे आणि उघड्या अंगाचे वेगळे धरायला लागले. आप्पांचं म्हणणं एकच: "ते रेकॉर्ड कापडाचं हाय. कुणीतरी विणलंय की ते. त्या विणकराचं नाव कुठं लिहिलंय, सांग."

त्यात संघटना पन्नास. ह्या संघटनेत जगात पहिला असलेला त्या संघटनेत गावात बी न्हाय. हे मात्र आप्पांना बरोबर समजायचं. आमच्या बेळगावात एकाच चौकाला दोन बोर्ड आणि दोन नावं असतात, तसंच ते, म्हणायचे.

आता त्यांना काय पाहिजे होतं ते सांगतो. जगाचं रेकॉर्ड न्हाय, एवढे ते खुळे नव्हते. राज्याच्या यादीत साठीच्या वरच्यांचं, त्यांच्या वजनाच्या गटाचं जे रेकॉर्ड होतं, त्याच्यावर अडीच किलो. तेवढं वजन ते जिममध्ये कितीदा तरी मारायचे. पण जिममधलं कोण धरत न्हाय. पंचांसमोर एकदा, नियमानं, तिन्ही पंचांनी पास केल्याचे तीन पांढरे दिवे. दोन वर्षं स्पर्धेला जाऊन रिकामे परत आलते, आणि दोन्ही वेळा कारण एकच. उताणं पडल्यावर पंच डोक्याच्या मागं असतो. त्याचे ओठ दिसत न्हाईत. 'प्रेस' कधी म्हणाला ते समजत न्हाय. आप्पा अंदाजानं रॉड उचलायचे आणि लाल दिवे लागायचे.

ह्या वर्षी तर वेळच संपत आलती. उजव्या खांद्याच्या आतली शीर फाटलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण त्यानंतर बेंच विसरा. आप्पांनी डॉक्टरांची बी हनुवटी धरली आणि ऑपरेशन दोन महिने पुढं ढकलून घेतलं, कारण दोन महिन्यांनी निपाणीत स्पर्धा होती. तोवर घरी त्यांची बायको, आक्काच, त्यांना शर्ट घालायची. केस बी तीच विंचरायची. हात वर जायचा न्हाय. बेंचवर मात्र जायचा. कसा जायचा ते मला ठाऊक हाय, कारण दात खाल्लेला आवाज मी मागं उभा ऱ्हाऊन ऐकायचो. तो आवाज मी कधी काढला न्हाय.

स्पर्धेचा फॉर्म मीच भरला. त्यात एक रकाना होता, ऐकण्याची काय अडचण हाय का. तिथं व्हय लिहिलं असतं तर पंचांनी दिसेल असा हात खाली केला असता. साधी सोय. मी आप्पांना सांगितलं. त्यांनी पेन काढून घेतलं आणि स्वतः 'न्हाय' लिहिलं.

"माझं नाव यादीत यायचं," ते म्हणाले, "आणि त्याच्या म्होरं बहिरा म्हणून यायचं काय?"

मग मी माझं डोकं चालवलं. निपाणीला जो पंच येणार होता त्याचे जुने व्हिडिओ बघितले. दक्षिणेकडचा माणूस, नाकातला बारीक आवाज, आणि प्रत्येक शब्दाला कन्नड शेपूट. स्टार्टु. प्रेस्सु. रॅक्कु. असा आवाज मिळाला की माझ्यासारख्याला दिवाळीच. दोन महिने रोज सकाळी आप्पांच्या डोक्यामागं उभा ऱ्हाऊन मी तो पंच झालो. पहिले दहा दिवस त्यांना काहीच समजलं न्हाय. मग मी आवाज आणखी वर नेला, आणखी नाकात नेला, आणि एका सकाळी मी 'प्रेस्सु' म्हणालो आणि रॉड त्याच क्षणाला उठला. आप्पा उठून बसले आणि लहान पोरागत माझ्याकडं बघायला लागले.

"आला रं पोपट्या. मागातनं वाट काढून आला."

त्यानंतर दहातल्या नऊ वेळा यायचा. मी इतका खूश होतो की एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाय. आमच्या जिममध्ये सकाळी एक पंखा असतो. निपाणीच्या हॉलमध्ये वीस पंखे, दोन स्पीकर, बाहेर जनरेटर आणि तीनशे माणसं होती.

आणि पंच माझ्यापेक्षा हळू बोलायचा.

पहिल्या चान्सला आप्पांनी रॉड छातीवर आणला आणि थांबले. पंच 'प्रेस्सु' म्हणाला. मी ऐकलं, हॉलनं ऐकलं. आप्पा थांबलेलेच. असे थांबले की छातीतला दम संपला, आणि शेवटी बाजूच्या दोघांनी रॉड उचलून घेतला. दुसऱ्या चान्सला ते घाबरले होते. टेकवला आणि लगेच उचलला. वर गेला, पण तीन लाल दिवे.

तिसऱ्याच्या आधी ते खुर्चीत बसलेले. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. माझी हनुवटी धरून विचारलं, पंच बोलतोय काय रं. मी म्हणालो, बोलतोय आप्पा. ते म्हणाले, मग मला का येत न्हाय.

मी पंचांच्या टेबलाकडं निघालो. सांगणार होतो, ह्यांना ऐकू येत न्हाय, हातानं खूण करा. दोन पावलं गेलो आणि मागं बघितलं. आप्पा माझ्याकडंच बघत होते. आवाज न काढता, शेडमध्ये बोलतात तसं, नुसत्या ओठांवर म्हणाले, नको. मी थांबलो. माझी पहिली चूक ती.

तिसरा चान्स, शेवटचा. रॉड खाली आला. टेकला. आप्पा दगडागत गप. मी स्टेजला चिकटून उभा. दोन महिने त्या पंचाचा प्रत्येक श्वास पाठ केलेला, त्यामुळं तो कधी बोलणार ते मला ठाऊक होतं. आप्पांचा उजवा दंड थरथरायला लागला. माझं तोंड कधी उघडलं मला समजलं न्हाय.

"प्रेस्सु."

रॉड उठला. असा उठला की मी तसा कुणाचाच बघितलेला न्हाय, सरळ, एका रेषेत, न अडखळता. टाळ्या पडल्या. आणि पंच मान वळवून हॉलमध्ये शोधत होता की आपल्या आवाजात कोण बोललं. त्याचं तोंड अजून उघडायचं होतं. मी अर्धा श्वास आधी बोललो होतो.

तीन लाल.

आप्पा हसत उठले. मला बोलले, ह्या टायमाला साफ ऐकलं. मग त्यांना दिवे दिसले. ते सरळ पंचाकडं गेले आणि त्या मोठ्या माणसाची हनुवटी धरली. हॉल हसला. आप्पांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"तोंड इकडं करून सांग. म्हणालास का न्हाय?"

पंच भला माणूस. रागावला न्हाय. सावकाश, ओठ मोकळे करत म्हणाला, "नानु हेळिल्ला, अज्जा." म्हणजे, मी म्हणालो न्हाय, आजोबा. आप्पांना कन्नड ओठ बी वाचता यायचे. त्यांनी हात सोडला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "मग माझ्या कानात कोण बोललं रं?"

माझ्या अवतीभवतीची चार पोरं मला कोपर मारून हसत होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात भारी नक्कल होती. मी म्हणालो, काय की आप्पा.

निपाणीहून आम्ही बसनं बेळगावला निघालो. संकेश्वरला बस थांबली तेव्हा आप्पांनी एकदा कानावर हात ठेवला आणि काढला, ठेवला आणि काढला, रेडिओ बिघडलाय का बघावं तसं.

मला वाटलं होतं रेकॉर्ड गेलं म्हणून चार दिवस गप ऱ्हातील. पण गेलं ते निराळंच. आधी त्यांना कमी ऐकू यायचं, पण जे यायचं त्यावर त्यांचा विश्वास होता. आता तो गेला. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू आला तर खरा का खोटा म्हणून मधीच उभे ऱ्हायचे. एका दुपारी आक्का जिमच्या दारात आली. ती कधी यायची न्हाय. म्हणाली, तुला काय ठावं असलं तर सांग रं बाबा, निपाणीत काय झालं. "त्यास्नी आता मी हाक मारली तरी खोटी वाटती."

मी सगळ्यांचे आवाज काढतो. त्या दिवशी आक्कासमोर मला माझा बी काढता आला न्हाय.

ऑपरेशन होऊन आता चार आठवडे झाले. आप्पा जिमला येत न्हाईत. हात गळ्यात बांधून ओट्यावर बसतात, मी गेलो तर चहा सांगतात, आणि माझ्या तोंडाकडं बघतच न्हाईत. शेवटचे जिममध्ये आले ते दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी. साडेसहाला. मी एकटाच होतो. आक्कानं घातलेला शर्ट अंगात तसाच. बेंचवर आडवे झाले आणि म्हणाले, नुसता रॉड दे. प्लेटा नको.

मी रिकामा रॉड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो छातीवर आणला, टेकवला, डोळे मिटले.

"म्हण," ते म्हणाले.

मी त्यांच्या डोक्यामागं उभा होतो. पंचाचा आवाज घशापर्यंत आला, तो मी गिळला. आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, जेवढा मोठा निघेल तेवढा मोठा काढून म्हणालो, आप्पा, निपाणीत तो मी होतो. तुमचा कान खोटा न्हाय. तो मी बोललो होतो.

पंखा फिरत होता. रॉड छातीवर तसाच.

"म्हणालास काय रं?" त्यांनी विचारलं.

मी डोक्यामागनंच परत सांगितलं. सगळं, पहिल्यापासनं. ते डोळे मिटून, दोन्ही हातांनी रॉड धरून, 'प्रेस'ची वाट बघत पडले होते.