चिनी काढा आणि गोडं पाणी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील रत्नागिरीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेली पत्रकं घरी आणायचे. संपाची, सभेची, निषेधाची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे दुबईला मामूंकडे आलो, तेव्हा जगात खरं बोलणारे आणि विकले गेलेले अशी दोनच प्रकारची माणसं असतात, याबद्दल मला शंका नव्हती.

तेल सापडायच्या आधीची दुबई ती. खाडीकाठी आमच्या शेठची गोदामं बांधली जात होती. मामू तिथे गवंडी, मी ऑफिसात टायपिस्ट. वस्तीतले सगळे रत्नागिरी-कुलाब्याकडचे, एका थाळ्याभोवती बसून जेवणारे. पाणी आवारातल्या विहिरीचं, मचूळ. गोडं पाणी गाढवावरून डब्यांत येई, ते शेठच्या घरी आणि ऑफिसात. माणसं दिवसभर उन्हात दगड रचायची, त्या खारट पाण्याच्या दोन घोटांवर भागवायची, आणि मग एकेकाला मुतखडा धरायचा. मामूंना दोनदा झाला होता. दुसऱ्या वेळी फोरमननं सांगून टाकलं, तिसऱ्यांदा आडवा झालास तर पुढच्या बोटीनं मुंबई. गावी मामूंच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर कौलं चढायची होती.

त्याच सुमारास शेठनं हाँगकाँगच्या एका कंपनीची एजन्सी घेतली. माल म्हणजे मुतखड्यावरची चिनी जडीबुटीची पावडर. कंपनीला माणसांवर घेतलेली परीक्षा हवी होती, कागदावर, डॉक्टरच्या सहीनिशी, म्हणजे आखातभर माल खपवता आला असता. शेठकडे माणसं होती. डॉक्टरही होता, आठवड्यातून एकदा येणारा, तोंडातली सिगारेट न काढता जीभ दाखवायला सांगणारा.

त्यानं पद्धत मात्र अगदी विलायती लावली. खड्याचा त्रास असलेल्या प्रत्येकाला नंबर. निम्म्यांना खरी पावडर, निम्म्यांना गव्हाचा कोंडा, भाजून काळा केलेला. कुणाला काय, ते फक्त त्याच्या बॅगेतल्या चिठ्ठीवर. पद्धत चांगली आहे, मी आजही म्हणतो. पण ज्यांच्या पोटात कोंडा जाऊ शकतो त्यांना तसं सांगायचं असतं, हे त्या पद्धतीत कुठेतरी लिहिलेलं असणारच. डॉक्टरनं तेवढं पान वाचलं नसावं. इंग्रजी कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले.

"साब, ये क्या है?" मामूंनी विचारलं.

"तुम्हारा फायदा. यल्ला, नेक्स्ट."

आणि फुकट औषध म्हणून माणसं रांगेत हसत उभी होती. मला त्यांचा डॉक्टरपेक्षा जास्त राग आला.

कंपनीची सूचना अशी होती, की पुडी मोठ्या तांब्याभर गोड्या पाण्यात उकळायची आणि सगळा काढा प्यायचा, दिवसातून तीनदा. म्हणून हाँगकाँगच्या खर्चानं वस्तीवर रोज गाढवं यायला लागली. पडलेला खडा काडेपेटीत घालून, वर नंबर टाकून, गुरुवारी माझ्याकडे द्यायचा. माझ्या टेबलावर काडेपेट्यांची रास लागली आणि रांगेत चढाओढ.

"हा काय, तीळ? माझा बघ, तूर आहे."

"तूर कसली, भिंतीचा चुना खरवडून आणलायस."

"मामूंचा बघा रे! त्याच्यावर मजला चढेल."

मामू खूश होते. "चिन्यांना अल्लानं अक्कल दिली," मला म्हणाले. "तुझ्या पत्रकांनी कुणाचा एक खडा पाडला का?"

शेवटी डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि मी नंबर जुळवले. खरी पावडर आणि कोंडा, दोन्हीकडे काडेपेट्या जवळजवळ सारख्याच. मामूंचा नंबर कोंड्यात होता.

"डॉक्टरसाहेब, कोंड्यानंही खडे पडले."

"तो कॉलम टाइप करू नकोस."

"मग ही ट्रायल कसली?"

"तू टायपिस्ट आहेस की हकीम?"

शेठ हसला. "लडका लेक्चर देता है. खलास. शाम तक लिफाफा जाना चाहिए."

मी दोन्ही कॉलम टाइप केले. डॉक्टरनं न वाचता सही केली. वाचणं हा त्याचा प्रांतच नव्हता. खाली मी एक ओळ जोडली: गुण पावडरीचा नसून पाण्याचा दिसतो, कामगारांना गोडं पाणी मिळावं. लिफाफा मीच चिकटवला. वाटलं, वडिलांनी जन्मात जुळवलं नसेल असं पत्रक आज मी काढलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. कंपनीला आता रस नव्हता. पाण्याबद्दल एक शब्द नाही. शेठनं मला काढलं नाही, कारण इतक्या स्वस्तात इंग्रजी टाइप करणारा दुसरा त्याला मिळाला नसता. त्यानं फक्त वस्तीवरची गाढवं बंद केली.

"शेठ, माणसं पाण्यानं बरी झाली," मी म्हणालो.

"तो कुएँ में पानी नहीं है क्या?"

"ते मचूळ आहे."

"दवाई बंद, तो पानी किस बात का?" एवढं बोलून त्यानं ऑफिसच्या माठातलं पाणी मागवलं आणि माझ्यासमोर प्यायला. इतका कोडगा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

खोलीवर मी सगळं सांगितलं. खोटं कशाला सांगू, छाती काढूनच सांगितलं. थाळ्याभोवतीचे हात थांबले.

"म्हणजे मला कोंडा दिला?" एकानं विचारलं.

"हो."

"आणि पाणी गोडं?"

"हो."

"मग कोंड्यात वाईट काय होतं? वर्षभर खाल्ला असता."

कुणी हसलं नाही. मामूंनी बोटं पुसली. "डॉक्टरनं आम्हाला विचारलं नाही, ते तुला झोंबलं. तू लिहिताना विचारलंस?"

"खोटं टाइप करायला हवं होतं का?"

"ते नाही म्हटलं मी. विचारलंस का, एवढंच म्हटलं."

मी बांधील होतो ते सत्याला, आणि किंमत मोजायची होती ती दुसऱ्यांनी. असं सत्य डॉक्टरच्या अहवालाहून फार थोर नसतं, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मामू परांचीवरच पोट धरून खाली बसले. फोरमननं शब्द पाळला. बोट सुटायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला मामीला पत्र लिहायला बसवलं.

"लिही. चिनी औषध फार चांगलं होतं. मला लागू पडलं होतं. पण माल यायचा बंद झाला, म्हणून परत येतो."

"मामू, तुम्हाला ठाऊक आहे की..."

"मला ठाऊक आहे. पत्र तिला आहे."

मी लिहिलं, जसं सांगितलं तसं. मग त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच जाऊ दे?"

"शेवटी लिही, तब्येत बरी आहे," मामू म्हणाले.

मी तेही लिहिलं.