सादळलेली भाकरी

सकाळी उठून आबा आभाळाकडे बघत नसत. ते आधी कडक भाकरी मोडत. रात्री आपल्या डब्यातली एक भाकरी फडक्यावर उघडी ठेवायची आणि पहाटे तंबूच्या दारात बसून, कानाजवळ धरून तिचा तुकडा पाडायचा. कट्‌ असा आवाज आला की म्हणत, "चला, रात निवळ गेली." आवाज आला नाही तर सगळ्यांसाठी दुसऱ्यांदा चहा ठेवत. दुसरा चहा म्हणजे आज चढाई नाही.

दर वसंतात आमचा सोलापूरचा गट हिमालयात जाई, आणि आबा स्वयंपाक आणि सामान सांभाळायला येत. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. गटाच्या सगळ्या याद्या माझ्याकडे, म्हणून मी त्यांची यादीताई. स्टेशनवर दरवेळी विचारत, "यादीताई, यादीत म्हातारा हाय न्हवं? न्हायतर हितंच ऱ्हायचा."

नव्या लोकांना ते निघण्याआधीच दम भरत. थंडीने कुडकुडलेला सोलापूरकर तिथे हमखास एक चूक करतो: ऊन पडायची वाट बघतो. इथे बेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला कोवळ्या उन्हाची भीती कुठून वाटणार? आबा सांगत, "आपलं ऊन समोरनं मारतंय. तिथलं ऊन लई गोड बोलतंय आन्‌ पायाखालचं काढून घेतंय." रात्र निरभ्र गेली की बर्फ गोठून टणक होतो, पहाटे माणसाला पेलतो. दुपारपर्यंत तो भिजतो आणि उतारावरून सुटतो. म्हणून अंधारात निघायचं आणि दहाच्या आत खाली यायचं. हे पुस्तकातही आहे. पण रात्री ढग असले तर बर्फ गोठतच नाही, हे आबांनी त्यांच्या भाषेत शिकवलं: "डोंगरानं घोंगडं पांघरलं की त्याला घाम येतोय. मग बर्फ सादळतोय, भाकरीवानी."

ज्या वर्षी माझं आणि त्यांचं वाजलं, त्या वर्षी माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या. दोर, बर्फाच्या कुऱ्हाडी, परवाने, सगळं. शिखराचा एकच दिवस उरला होता. पहाटे आबांनी भाकरी मोडली. ती वाकली, मोडली नाही. त्यांनी बाहेर जाऊन बर्फात बोट खुपसलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"बर्फ सादळलाय, ताई. आज नगं."

"आबा, वर्षभर तयारी केलीय लोकांनी."

"मग पुढल्या वर्साची बी करत्याल की. हायती तर करत्याल."

त्या 'हायती तर'वर सगळ्यांनी पाठीवरच्या पिशव्या उतरवल्या. आम्ही थांबलो. शेजारच्या तळावरची स्कीवाली मंडळी मात्र नऊला वर गेली आणि अकराला हसत, घसरत खाली आली. त्या दिवशी डोंगरावरून एक खडाही पडला नाही. परतीच्या गाडीत भाकरीवरून आबांची भरपूर चेष्टा झाली. "आबा, आता भाकरीला विचारून गाडीत बसायचं का?" त्यात माझाही आवाज होता. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्हाय पडलं ते बरंच झालं की." यादीत 'आबांना विचारणे' अशी एक ओळ होती. ती मी त्याच आठवड्यात खोडली.

पुढच्या वसंतात आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मला जाता आलं नाही. मी नव्या प्रमुखाच्या हातात यादी ठेवली. तो तरुण होता, हुशार होता आणि माझा शब्द मोडत नसे. चौथ्या दिवशी संध्याकाळी तळावरून आबांचा फोन आला. आवाज तुटत होता.

"ताई, दोन दिस झालं, ढग हालंना. भाकरी सादळलीया."

मी औषधांच्या वेळा लिहीत होते. मी म्हणाले, "मग डब्याचं झाकण घट्ट लावा, आबा."

ते हसले. म्हणाले, "बरं, ताई."

ते काय मागत होते ते मला कळलं होतं. प्रमुखाला एक फोन कर, एवढंच. मी उद्या सकाळी करीन म्हणून वहीत लिहिलं. सकाळी फोन लागला नाही.

त्या दिवशी तिकडे साडेनऊला ढग फाटले. छान ऊन पडलं, म्हणून सगळे निघाले. दोघं नवखे दमून उतारावर बसून राहिले, तेव्हा त्यांना आणायला आबा चहाचा थर्मास घेऊन वर गेले. दोघांना त्यांनी आधी खाली पाठवलं. ते दोघं परत आले. आबांच्या मागे, वरच्या बाजूला, डोंगर आवाज न करता सुटला होता, असं त्या दोघांनी सांगितलं.

आता दर वसंतात माझ्या यादीची पहिली ओळ 'भाकरी मोडून बघणे' अशी असते. नवे लोक हसतात. मी त्यांना हसू देते, पण ओळ मोठ्याने वाचायला लावते.

आबांचा डबा माझ्याकडे आहे. तळावरच्या सामानातून तो परत आला, तेव्हा त्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं.