सभा नसलेले मेंबर

आमच्या थोरल्या साडूंइतका नगरपालिकेवर जीव लावलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. लोक बायकोवर जीव लावतात, बैलजोडीवर लावतात, यांनी तो लावला सर्वसाधारण सभेवर. निवडून आले ते एकदाच, पण गाव त्यांना ‘मेंबर’ म्हणू लागलं ते कायमचं. नातवंडंसुद्धा आजोबा म्हणत नसत, मेंबरच म्हणत. घरातही महत्त्वाचं काही बोलायचं तर ते उभं राहून बोलत. “आजच्या भाजीत मीठ कमी असल्याबाबत,” अशी सुरुवात करून ताईंकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडे, अध्यक्षांकडे पाहावं तसं पाहत. ताई पोळी लाटता लाटता म्हणत, “विषय नामंजूर. जेवा आता.” एकदा रिठदला लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं दुसऱ्यांदा जिलेबी पुढे केली, तर यांनी शेजारच्या अनोळखी पाहुण्याला विचारलं, “मी सूचक. तुमी अनुमोदक होता काय?” तो बिचारा घाबरून म्हणाला, “मले शुगर हाये.” मेंबरांनी जिलेबी परत पाठवली.

मी त्याच नगरपालिकेत सभा लिपिक. सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. त्यातली निम्मी पानं आमच्या साडूंनी भरलेली. बाकीच्या मेंबरांना ऑडिट म्हटलं की ताप यायचा, यांना मात्र ऑडिटवाल्यांचं भारी कौतुक. अमरावतीहून ते आले की हे घरून भज्यांचा डबा आणत आणि समोर बसून आपल्याच कारभारातल्या चुका त्यांना दाखवत. “पैसा सरकारचा येते,” ते म्हणायचे, “तं सरकारनं दहा डाव विचारावं. पण गावाले काय पाह्यजे, थे आमी ठरवू. थे काई अमरावतीहून दिसत नाही.”

त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी एकच ठराव जिवाला लावून घेतला. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, ती आमच्या बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत ट्रकची वाट पाहत बसतात. बोचकी, भांडी, कोंबड्या, अंगावर लेकरं घेतलेल्या बाया, सगळं उन्हात. मेंबरांनी तिथं पत्र्याची शेड आणि पाण्याचा नळ मागितला. एक मेंबर म्हणाला, “त्या बाया आपल्या मतदार तं नाहीत.” आमचे साडू उभे राहिले. “ऊन का मतदार यादी पाहून लागते काय?” एवढंच बोलले आणि बसले. त्या दिवशी सभागृहात कोणी हसलं नाही. ठराव एकमतानं झाला. मी तो लिहिला तेव्हा अक्षर जरा जपून काढलं होतं, हे मला आठवतं.

शेडचे खांब उभे राहिले आणि मेंबरांची मुदत संपली. निवडणुकीचं प्रकरण कोर्टात अडकलं. सरकारनं प्रशासक नेमला. साहेब माणूस सरळ होता, पण त्याच्याकडे आणखी दोन गावांचा कारभार. मंगळवारी दुपारी यायचा आणि पाचच्या आत निघायचा. सभा बंद झाली तशी मला पाणीपट्टीच्या खिडकीवर बसवलं. पुढच्या ऑडिटमध्ये शेडवर आक्षेप निघाला. त्या कामाचा पैसा भलत्याच कामासाठी आलेल्या निधीतून गेला होता. साहेबांनी एका सहीत ठरावच रद्द केला. साहेबांचं टायपिंग माझ्याकडेच होतं, तो आदेशही मीच टाइप केला. घरी बायकोलाही सांगितलं नाही.

मेंबरांना कळायचं ते कळलंच. मंगळवारी पांढरा शर्ट घालून ते आले आणि साहेबांसमोर उभे राहिले. मी सहीचे कागद घेऊन तिथंच होतो. साहेबांनी खुर्ची दाखवली, तरी बसले नाहीत.

“साहेब, आक्षेप बरोबर हाये. चूक आमची. पैसा दुसऱ्या खात्यातून घ्याले पाह्यजे होता. पण आक्षेप खर्चावर हाये. बायायले सावली पाह्यजे, हे ठरवलं त्याच्यावर कोनं आक्षेप घेतला?”

साहेबांनी फाइल चाळली. मग म्हणाले, “काका, तुमचं म्हणणं चूक नाही. पण हे ऐकून घ्यायला सभा लागते. ती आज नाही. माझ्याकडे फक्त खर्च आहे.”

“मंग तुमी फक्त खर्चच रद्द करा नं. ठराव कायले केला?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बोलण्यासारखं माझ्याजवळ एक वाक्य होतं, की ठरावात कुठल्या निधीचं नावच नाही, कारण तो ठराव शब्दन् शब्द मला पाठ होता. मी ते बोललो नाही. मेंबरांनी हात जोडले आणि गेले.

त्यानंतर काही वर्षं, दर महिन्याच्या सभेच्या दिवशी, ते अकरा वाजता येत. सभागृहाला कुलूप असे. पायरीवर रुमाल अंथरून बसत, एक वाजता उठत. येणारेजाणारे आधी विचारत, मग हसत, मग त्यांनी पाहणंही सोडलं. नाली तुंबली, दिवा गेला, की लोक थेट मंगळवारी साहेबांकडे अर्ज घेऊन जात. कामं होतही होती, खोटं का बोला. मेंबरांना दुःख होतं ते त्याचंच.

शेवटी निवडणूक लागली. त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. ताई म्हणाल्या, “मी नाही उभी राहत बाप्पा,” आणि तो विषय तिथंच मिटला. मेंबर तरी घरोघर फिरले, कुणाचंही चिन्ह न घेता, नुसतं मत द्या सांगत. एका दारात म्हातारीनं विचारलं, “मंग साहेब कुठी जाते? चांगले होते नं थे. मधात हे मेंबर कायले पाह्यजेत?” मी सोबत होतो. मेंबर तिच्याच ओट्यावर बसले. तिनं पाणी आणून दिलं, ते प्यायले, आणि डोळे पुसले. तिला वाटलं, ऊन लागलं.

मी परत सभेच्या टेबलावर आलो, आणि नव्या मेंबरांच्या पहिल्या सभेला ते मागच्या बाकावर येऊन बसले. एकेक विषय वाचला, मंजूर, वाचला, मंजूर. चहा यायच्या आत सभा संपली. बाहेर येताना त्यांनी माझा दंड धरला. “अरे, कोनी काई बोललंच नाही रे.” मी म्हणालो, “नवे हायेत भाऊ, शिकतीन.”  घरापर्यंत ते गप्प चालल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला, तशी शिरपूरच्या लेकीनं दोघांना आपल्याकडे नेलं. सभा झाली की त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी काही नाही. “कोनी बोललं काय रे आज?”

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलेला माणूस. आता सांगतो, “हो भाऊ, एक बाई बोलली.”

“काय म्हने?”

मग मला ते रचावं लागतं. तांड्यावरच्या एका शाळेचं, कधी पाण्याच्या टाकीचं. बाई उभी कशी राहिली, आवाज कसा थरथरला, तरी कशी मागं हटली नाही, सगळं सांगतो. पलीकडे ते मध्येच हुंकार देतात.

“आन् अध्यक्ष काय म्हनले?”

“इच्यार करू म्हनले.”

 मग ते हळूच म्हणतात, “बरं झालं. लिहून ठेव बरं थे.” आणि मी म्हणतो, लिहिलं भाऊ.