नांगराची पाठवणी

सारसोळ्यात संसार मांडला त्याच आठवड्यात मी देवावर धुणं धुतलं.

तो देव आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भाड्याच्या खोलीसमोर, घरमालकिणीच्या अंगणात, एक लांबट काळा दगड आडवा पडलेला असायचा. एका टोकाला आरपार भोक. माझं माहेर माणदेशातलं. तिकडची बाई असा बरा सपाट दगड दिसला की आधी कपडे आपटते आणि मग विचार करते. मी विहिरीचं पाणी आणलं, सोड्यात भिजवलेलं ह्यांचं धोतर दगडावर टाकलं आणि माहेरची आठवण काढत दणादणा आपटलं. पिळताना बघते तर पांढऱ्या धोतरावर निळे डाग. दगडाच्या भोकात आतल्या बाजूला निळं काही चिकटलेलं होतं, त्याच्या खपल्या भिजून कापडाला लागल्या होत्या. घासलं, लिंबू चोळलं, डाग ढिम्म.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अगो घाटने, उचल ती तुझी कापरां. तो माझे मालकाचा नांगर हाय."

आमच्याकडे नांगराला बैल जुंपतात. मी दगडाकडे बघत राहिले. मग घरमालकिणीने सांगितलं ते असं, की लोखंडी नांगर बाजारात यायच्या आधी होडी जागच्या जागी धरायला हाच दगड दोर ओवून खाडीत सोडायचे. तिच्या सासऱ्याच्याही आधीपासूनचा तो. नवरा वारला, होडी विकली, दगड तेवढा राहिला. नारळी पुनवेला त्याच्यापुढे नारळ फुटायचा, म्हणजे देवच.

मला रडू फुटलं. गावातली शाळा चौथीला संपली तिथे माझीही संपली होती. मग लग्न, मग हे मिठागरावर कारकून लागले म्हणून घाट उतरून इतकं लांब. समुद्र कधी पाहिलेला नाही, मासळीच्या वासाने नाकाला पदर, आणि आल्या आल्या देवाला सोडा फासला. आता ही बाई खोली सोडायला लावणार, हे मिठागरावर तोंड कसं दाखवणार, मला माहेरी पाठवणार. धोतर पिळता पिळता मी माहेरच्या एस्टीत बसूनसुद्धा झाले.

बाईने माझ्याकडे बघितलं, निळ्या धोतराकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता ओट्यावर टेकली. "ररू नको गो. मालक गेल्यापासून त्याला कोनी आंघोल घातली नव्हती. तू घातलीस."

त्या दिवसापासून ती मावशी झाली. तिने मला काटे काढून मासा खायला शिकवलं, चिखलात पाय कसा टाकायचा ते शिकवलं. 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करणारी तिची बोलीही हळूहळू कानात बसली. मला वाचता येतं याचं तिला फार कौतुक. मिठाच्या गोणीवरची अक्षरं माझ्याकडून वाचून घ्यायची आणि शेजारणीला सांगायची, "बघ, माझी घाटीन सायबासारखी वाचते."

मावशीच्या जिवाला घोर होता तो एकच, तिच्यामागे त्या दगडाचं काय. तिला मूल नव्हतं. पुतण्या नवीन घर बांधत होता आणि त्याला दाराच्या पायरीसाठी तसाच दगड हवा होता. येता जाता म्हणायचा, "काकी, नुसता तर परलाय. भोकाकरचा टोक पहारेने उरवला का चौकोनी होल." तसा मुलगा वाईट नव्हता, पावसात तिचं छप्पर तोच शाकारायचा. पण तो असं बोलला की मावशीचा घास हातातच राहायचा. ज्या नांगराने तिचा नवरा वादळात जागेवर धरला, त्याच्यावर उद्या सगळ्यांनी पाय पुसून घरात जायचं.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं होतं, त्याच्या थोडं मागचं पुढचं असेल. मुंबईच्या एका म्युझियममध्ये आपल्या राज्यातल्या साध्या माणसांच्या जुन्या वस्तूंचं एक दालन उघडायचं ठरलं आणि तिथला एक साहेब खाडीकाठची गावं हिंडत आमच्याकडे पोचला. श्रावण लागायचा होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. साहेबाच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. अंगणातला दगड पाहून त्याने छत्री तशीच टाकली आणि गुडघ्यावर बसला.

"मावशी, हा कुणाचा?"

"माझा. पाय नको लावू."

साहेबाने लगेच पाय मागे घेतला. मग इतका भराभर बोलायला लागला की मला निम्मंच कळलं. असल्याच दगडांवर आपल्या किनाऱ्याची गलबतं थांबायची, मीठ, भात, कापड घेऊन कुठे कुठे जायची. राजे बदलले, झेंडे बदलले, पण होडी धरून ठेवणारा दगड तोच राहिला. "राजांच्या तलवारी आमच्याकडे कपाटभर आहेत," तो म्हणाला, "देश कशावर उभा होता ते दाखवायला असलं काही नाही."

मावशीला तलवारींशी देणंघेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "तिकरे त्याच्यावर कोन पाय ठेवल काय?"

"हात लावायचीही परवानगी नसते."

"मंग ने."

साहेबाने पुढच्या आठवड्यात बैलगाडी घेऊन यायचं ठरलं. जाताना मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या दिसता."

"चौथी," मी जमिनीकडे बघून म्हटलं.

"पुष्कळ झालं. तुम्ही लक्ष ठेवा. आहे तसाच राहू द्या."

मला पुष्कळ झालं असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी हरखले आणि तेवढीच धास्तावले. दगडावर कावळा बसला तरी उठून हाकलायची. रात्री ह्यांना म्हणाले, दगड आत घेऊ या का? हे म्हणाले, दगड चोरणारा चोर अजून जन्माला यायचाय, झोप.

चोर आलाच नाही. आला तो रंग. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की पावसाच्या उघडिपीत सगळ्या होड्या रंगवतात. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवरून परत येते तर दगडाभोवती मावशी आणि चार शेजारणी, मध्ये रंगाचे डबे. दगडाचा खालचा भाग निळा, वरचा लाल, मधून पांढरी पट्टी. भोकाच्या दोन बाजूंना दोन टपोरे डोळे काढायचं चाललं होतं.

माझी घागर कमरेवरून घसरली. "मावशे, साहेब म्हणाले होते आहे तसा राहू दे."

"तसाच तर हाय. तुला हलद लावली तवा तू दुसरी झालीस?"

"पण त्यांना जुना पायजे."

"आतून जुनाच हाय गो," एक शेजारीण म्हणाली. "पोरगी सासरी धारताना मलक्या लुगऱ्यात धारतात काय? तुमच्या घाटावर धारत असतील."

सगळ्या खिदळल्या. त्या डोळ्यांकडे बघितलं आणि मलाही हसू आवरेना. एक डोळा सरळ बघत होता आणि दुसरा पुतण्याच्या घराकडे. मावशीने दगडापुढे पदर पसरून नमस्कार केला, कुंकवाला हात घातला, मग स्वतःलाच सांगितलं, "रंग सुकू दे, मंग हलदकुंकू."

दुसऱ्या दिवशी साहेब आला, दोन हमाल आले, गाडी आली. साहेबाने दगड बघितला आणि तिथेच ओल्या ओट्यावर बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दगडाचे डोळे काही गेले नव्हते.

"मावशी, हे काय केलंत?"

"नटवला."

"वरचे साहेब हा घेणार नाहीत हो. म्हणतील, बाजारातून आणलाय. आणि खरवडायला गेलो तर दगडच खराब होईल."

मावशीचा चेहरा उतरला. पुतण्या गर्दीत उभाच होता. त्याने समजूत घालावी तशी सांगितलं, "जाव दे काकी. रंगीत पायरी पन चांगली दिसल." कुणी हसलं नाही. मावशीने दगडाच्या डोळ्यावर हात ठेवला, जणू त्याला पुतण्याची पायरी दिसू नये.

मी दाराआड होते. परक्या पुरुषासमोर बोलायची सवय नाही, चौथीचं शिक्षण, काय चुकीचं बोलले तर ह्यांच्या नोकरीवर येईल असं उगाचच वाटत होतं. पण मला धोतर आठवलं. ते मी दोरीवरून ओढलं आणि तशीच बाहेर आले.

"साहेब, ह्याच्यावर मी एकदा धुणं धुतलं होतं."

साहेबाला वाटलं असणार, या गावात दगडाला कुणी धड राहू देत नाही.

"तेव्हा हा रंग नव्हता," मी धोतराचे डाग पुढे धरत म्हटलं. "हे निळं भोकाच्या आतून आलं. आत जुनं काही तरी आहे."

साहेब उठला. बॅटरी काढून त्याने भोकात तोंड घातलं. मग खिशातल्या चाकूने अगदी हळूच एक खपली काढली आणि तळहातावर घेतली. वर निळा, त्याखाली लाल, त्याखाली पुन्हा निळा, अगदी खाली गेरू. कांद्यासारखे थर.

"मावशी, याला रंग केव्हा केव्हा लावायचात?"

"मालक होते तवा दर सालाला. होरीला लावला का नांगराला. ते गेले, मंग कोन लावनार?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलास कवा? तू तलवारी सांगत होतास."

साहेब हसला. खपली कागदात गुंडाळून म्हणाला, "रंगवायची रीतही जुनीच आहे, ही दाखवली की वरचे साहेब गप्प बसतील. चला, उचला." मग मात्र गडबड उडाली. हळदकुंकू आलं, नारळ आला, कुणी अक्षता टाकल्या, हमालांनाही कुंकू लागलं. पुतण्यानेच दगडाला खांदा दिला. गाडीत चढवताना दगडाची कड फळीवर घासली आणि एका डोळ्याचा टवका उडाला. मावशी गाडीमागे बांधापर्यंत गेली. रडत होती आणि गाडीवानाला शिव्या घालत होती.

दिवाळीनंतर आम्ही बायका त्याला बघायला निघालो. लेकीच्या सासरी जावं तसंच. टोपलीत ओटीचं सामान, तांदळाच्या भाकऱ्या, सुकी मासळी. होडीने खाडी ओलांडून मुंबईकडच्या तुर्भ्याला उतरलो, पुढे बसने. बसमध्ये मासळीच्या वासाने आमच्या भोवती आपोआप जागा होत गेली.

म्युझियममध्ये मूर्ती होत्या, तोफा होत्या, सोन्याची नाणी होती. मावशी कुठेच थांबली नाही. "आपला कुठं हाय?" एवढंच विचारत चालली. तो दालनाच्या मध्यभागी लाकडी चौथऱ्यावर उभा होता. अंगणात आडवा पडलेला असायचा, आता ताठ उभा, निळा, लाल, आणि एका फुटक्या डोळ्याने आमच्याकडे बघणारा. मावशीने जाऊन कपाळ टेकलं.

"अहो बाई, हात लावायचा नाही," पहारेकरी धावला.

"माझाच हाय तो."

"इथं आल्यावर सरकारचा."

"सासरी गेली म्हनून पोरीला आय हात लावत नाय काय?"

बायकांनी मला पुढे ढकललं. "वाच गो, काय लिवलाय." मी पाटीसमोर उभी राहिले. शाळेत तपासनीस आले की उभी राहायची तशी. अक्षरं मराठी होती, देवा तुझे उपकार. मी मोठ्याने वाचलं: "दगडी नांगर. ठाण्याची खाडी. दर नारळी पौर्णिमेला घरची माणसे याला रंगवतात." आजूबाजूचे लोक थांबून ऐकत होते. बायकांनी आपली छायाचित्रं काढली जाणार असल्यासारखे पदर सारखे केले.

"मंग बरोबर," मावशी म्हणाली, आणि टोपलीतल्या भाकऱ्यांखालून निळ्या रंगाचा लहान डबा काढला. गाडीत उडालेला तो टवका तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

पहारेकऱ्याने शिट्टीच काढली. तेवढ्यात आमचा साहेब जिना उतरून आला. त्याने डबा बघितला, मावशीकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाहेरून नाही. भोकाच्या आत. एकच बोट."

मावशीने एक बोट बुडवलं आणि भोकात फिरवलं. सगळे थर होते तिथेच.

बाकीच्या बायका तिला घेरून होत्या म्हणून मी दोन पावलं बाजूला झाले आणि भिंतीकडे वळले. तिथे मोट टांगली होती. चामड्याची, लांब सोंडेची, विहिरीतून बैलांनी ओढायची. खाली पाटी: माणदेश. मी ती दोनदा वाचली. नांगर खाडीवरच्यांचा, मोट आमची, आणि दोघांच्या मध्ये एका फरशीचं अंतर. शाळेत मी देशाचा नकाशा रंगवला होता, पण त्यात मला कधी माझं घर सापडलं नव्हतं.

"मावशे, ही मोट आमच्या विहिरीवर अजून चालू आहे. परवा बापाचं पत्र आलं, तिच्याच पाण्यावर मिरची लावलीय."

"म्हंजे तुझा बाप पन म्युझियमचा झाला," शेजारीण म्हणाली. "त्याला कुठं टांगलाय?"

हसताना मला धाप लागली. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, आणि पहारेकरी शू शू करतोय तेवढं जास्तच हसू येतंय. मावशी हसली नाही. ओटीच्या सामानातले तांदूळ तिने मुठीत घेतले आणि मोटेखाली ठेवले. "घाटनीच्या माहेराची पन भरली पायजे. हिला काय लावतात गो?"

"तेल लावतात. नाहीतर चामडं तडकतं."

"मंग लाव."

तेल कुठलं आणणार. पहारेकरी साहेबाकडे बघत होता आणि साहेब मुद्दाम खिडकीबाहेर. मी माझ्या चापून बसवलेल्या केसांवरून तळहात फिरवला, सकाळी मावशीनेच चोपडलेलं खोबरेल होतं ते, आणि मोटेच्या सोंडेवर एकदा वरून खालपर्यंत ओढला.