फिकट रेंदांग

जकार्तातल्या आमच्या आवडत्या पाडांग पद्धतीच्या खाणावळीत सहा वर्षांनी गेलो. रीतीप्रमाणे न मागताच तेरा बशा टेबलावर आल्या; खाल्ल्या तेवढ्यांचेच पैसे, बाकीच्या परत. रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, पूर्वी काळंभोर असे. आज तांबूस दिसलं.

“आचारी बदललाय,” मी म्हणालो.

“अहो, जेवायला आलात की तपासायला?” बायको म्हणाली.

आवडत्या जागी परतल्यावर दोन्ही एकच असतं.

मालकाला विचारलं. “आईच करते. आता चार-चार तास ढवळवत नाही तिला, लवकर उतरवते.”

मला खरं वाटेना. स्वयंपाकघरात डोकावलो. लोकांनी न शिवलेल्या बशा तिथे परत जातात. स्टुलावर बसलेली म्हातारी त्यांतलं रेंदांग निरखत होती.

टेबलाशी येऊन मी आमची रेंदांगची बशी संपवली. रेंदांग कमी आटलेलं होतं, हे मात्र खरं.