कालचं पाणी
भाजी धुवायला सून गुलाबी औषधाचं पाणी करते, तेव्हा मी स्वयंपाकघरातून उठते. मावळातल्या आमच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरानं हेच औषध विहिरीत टाकलं, पण लोक त्या पाण्याला शिवेनात. "पाटील, आदी तुमी प्या," म्हणाले. पाटील म्हणजे माझे सासरे. घरात येऊन ते हळूच बोलले, "पोरी, कालचं पानी दे, औषदाआदीचं." मी तांब्या भरून दिला. चावडीवर सगळ्यांसमोर त्यांनी तो घटाघटा रिकामा केला आणि गाव निर्धास्त विहिरीवर गेलं. तिसऱ्या दिवशी सासरे पटकीनं गेले. "आमच्यापायी औषद पिऊन पाटील गेलं," म्हणत लोक विहीर सोडून ओढ्याचं पाणी पिऊ लागले आणि मरू लागले. घराची अब्रू जपत मी गप्प राहिले. गावानं त्यांच्या नावानं बांधलेल्या पारावर मी अजून टेकलेले नाही.